दावुरो

अशांती मुलखातल्या त्या गावात
काही जाहीर करायचं तर मारावं लागतं.
'बॉ' म्हणजे मारणे.
'बॉ दावुरो' : लोखंडी घंटेवर काठी मार,
म्हणजेच गावाला कळव.
प्रार्थनासुद्धा तिथे मारतात,
कुणाचं नाव घ्यायचं तर तेही मारतात,
कर्जदेखील.
हसू नका,
आपणही हाक मारतो, बाता मारतो,
दवंडी तर पिटतोच;
कुणाला लागलं, ते विचारायची पद्धत नाही.

बुधवारी जन्मला म्हणून क्वाकू,
क्वाकू डोम्प्रे, वय एकाहत्तर,
डाव्या कानाने ठार बहिरा. घंटा त्याच बाजूला असते.
कोंबड्यांच्या आधी उठून चौकाचौकात
टण्ण टण्ण, टण्ण.
आगो!
नाना म्हणतात
(नाना म्हणजे तिथले राजे, दुसरं कुणी नाही)
गुरुवारी शेतात जायचं नाही.
नाना म्हणतात, शाळेवर पत्रे चढवायला
घरटी एक माणूस.
नाना म्हणतात, ज्याची शेळी असेल त्याने बांधावी,
कसाव्याच्या रोपाला पाय नसतात.
त्रेचाळीस वर्षांत
'मी म्हणतो' असं तो एकदाही बोलला नाही.
लोखंडाला 'मी' परवडत नाही.

मराठीत तर सोयच आहे.
डोम्प्रेने दवंडी पिटली.
क्रियापद दवंडीकडे बघतं,
तिच्यासारखं स्त्रीलिंगी होतं,
त्याच्याकडे ढुंकूनही नाही.
'ने' लावून बाजूला उभा केला की
माणूस सुटला.

नाना म्हणतात,
आमा फोरिवाने दफनाच्या वर्गणीतले पैसे घेतले.
ज्या वर्षी पुलाचा खांब वाहून गेला
त्या वर्षी हे त्याने पिटलं होतं, सात चौकांत.
आठव्या चौकात तिचं घर, तिथे जरा हळू.
हळू मारलं तरी ते मारणंच.
पुढे पैसे सापडले,
हिशेबनिसाच्याच ट्रंकेत, ब्लँकेटच्या घडीत.
नाना काही म्हणाले नाहीत.
म्हणजे दावुरो वाजला नाही.
तोवर ती बाजारातली टोमॅटोची जागा सोडून
बहिणीकडे कुमासीला गेलेली.
परत आली ती शवपेटीतून,
आणि वर्गणी कमी जमली.

बांधलेलं सोडता येतं,
विणलेलं उसवता येतं,
पेरलेलंसुद्धा उपटता येतं.
पिटलेल्याचं काय करतात
ते त्याने एकदा शाळामास्तरांना विचारलं होतं.
मास्तर म्हणाले, कशाबद्दल?
तो म्हणाला, असंच.

गेल्या रविवारी, कुणी सांगितलं नसताना,
टण्ण.
आगो!
मग बराच वेळ काहीच नाही.
दारं किलकिली झाली. चुलीपाशी हात थांबले.
नाना काय म्हणतात?
'मी,' डोम्प्रे म्हणाला, आणि त्याला ठसका लागला.
'मी म्हणतो,
आमा फोरिवाने पैसे घेतले नव्हते.
ते मी पिटलं होतं.'
कुणीतरी म्हणालं, म्हातारा सकाळीच प्यायलाय.
कुणीतरी दार लावून घेतलं, जोरात,
हिशेबनिसाचा मुलगा असावा.

दंड झाला नंतर, विनापरवाना घंटा वाजवली म्हणून :
एक मेंढी, श्नॅप्सच्या दोन बाटल्या.
मेंढी उधारीवर आणली.
तिथल्या भाषेत, त्याने कर्ज मारलं.

पण ते नंतर.
त्या पहाटे तो आठव्या चौकातही गेला,
आणि तिथे सगळ्यांत जोरात मारलं,
बहिऱ्या कानातही काहीतरी हललं इतकं.
फोरिवाच्या घराच्या जागी आता
मोबाईलची रिचार्ज कार्डं मिळतात.
ओट्यावर एक मुलगी दात घासत होती,
नात, किंवा नातीची मैत्रीण.
तोंडात फेस तसाच ठेवून तिने ऐकून घेतलं
आणि विचारलं,
'आजोबा, कोण आमा फोरिवा?
कुठले पैसे?'

डोम्प्रेने काठी काखेत धरली.
आता हिला आधी ते सांगावं लागणार होतं,
मग हे.